गाभोळीची ट्राउट

तव्यावर हळद लावलेला मासा तडतडला की मला स्लायगोजवळचं तळं आठवतं. दोन हजार वीसचा सप्टेंबर. परतीची विमानं रद्द होत गेल्यामुळे मालवणहून आलेली आई आमच्याकडेच अडकली होती आणि ताज्या माशासाठी झुरत होती. त्या दिवशी माझ्या गळाला आयुष्यातली पहिली ट्राउट लागली. हळद-मिठाची डबी मी घरूनच नेली होती. आत्मविश्वास मला कधी कमी पडला नाही. आईने माशाचं पोट चाचपलं.

"गाभोळी आसा. सोड तिका, झिला."

"अगं, गाभोळी तर तुझ्या आवडीची."

"अंडी घालूक घराक चालली आसा ती. जावंदे."

मी ट्राउट सोडली आणि गाभोळीसाठी हळहळत बसलो. मासा दिसेनासा झाला तरी आई पाण्याकडे बघत होती. आता कळतं, निदान कुणीतरी घरी पोचावं, असं तिला वाटत होतं.