भरमाचं ऐकून घ्या

रवळू पहाटे चारला उठायचा. पाचला निपाणीच्या तंबाखू वखारीपुढं हजर. अडीच मणाचं पोतं एकट्यानं पाठीवर घेता येत नाही. दोघांनी उचलून द्यावं लागतं. म्हणून आम्हा हमालांची टोळी होती. बैठक लिंबाखाली व्हायची. बोलणाऱ्यानं पोतं ओढायची आपली आकडी मधे ठेवायची. ती उचलेपर्यंत इतरांनी गप्प बसायचं.

१९३८ साली आम्ही दरवाढ मागायची ठरवली आणि दुसऱ्याच सकाळी व्यापाऱ्याला ते कळलं. त्याच सकाळी आमचा भरमा आजारी बायकोकडं जांबोटीला गेलेला. बातमी फोडल्याचा संशय त्याच्यावर आला.

"काढा त्याला," मारुतीराव मुकादम म्हणाला. एक सोडून सगळे हात वर झाले. माझाही.

रवळूनं आकडी मधे ठेवली. "भरमाला येऊ द्या. त्याचं ऐका, मग काढा."

"जावई हाय व्हय रं तुझा?" मारुतीरावानं विचारलं.

"माझी आकडी खाली हाय, आप्पा. मला बी त्यो आवडत न्हाय. पर न ऐकता काढलं तर उद्या कुणालाबी काढाल."

"मग तू बी जा की त्याच्यासंगं!"

रवळू गेला नाही. आम्ही त्याला पोतं उचलून देणं बंद केलं. मग तो पोतं वखारीच्या ओट्याच्या कडेपर्यंत लोटायचा, खाली उतरून पाठ लावायचा आणि ते अंगावर ओढून घ्यायचा. आमच्या दहा खेपा व्हायच्या तेव्हा त्याच्या चार. पण पोतं कधी फाटलं नाही. भाकरी वखारीमागं एकटाच खायचा. घरीही कुणी नव्हतं. भरमा परत आलाच नाही.

तीन वर्षांनी टोळीतल्याच, मारुतीरावाच्या मेव्हण्यावर चोरीचा आळ आला. त्याला मात्र बोलावलं, पुरतं ऐकलं. आळ खोटा निघाला. त्यानंतर न ऐकता कुणाला काढायचं नाही, अशी रीतच पडली. ती कुणामुळं, हे कुणी बोललं नाही. रवळूला कुणी हाकही मारली नाही. मीही नाही.

१९४७ साली टोळीनं बैठकीसाठी पत्र्याची खोली बांधली. तोवर रवळूची पाठ गेली होती. एका दुपारी, खोलीत कुणी नसताना, तो रंगाऱ्याला घेऊन आला. भिंतीवर लिहून घेतलं: 'माणसाचं ऐकल्याशिवाय त्याला काढू नये.' त्याला वाचता येत नव्हतं. रंगाऱ्याकडून तीनदा वाचून घेतलं, आणि साठवलेल्या मजुरीतून त्या एका ओळीचे पैसे दिले.