रांगोळ्यांचं कार्ड

अण्णांनी उजवा तळवा वर केला की आमच्या घरात कुणी शिंकायचंसुद्धा नाही. वाहतूक पोलिसानं ट्रक अडवावा तसे माझे सासरे अख्खं घर अडवून धरायचे. त्यांच्या कॉम्प्युटरमध्ये कॅसेटवरून प्रोग्रॅम चढत असायचा, आणि तेवढ्यात कुणी मिक्सर लावला किंवा ट्यूब पेटवली तर म्हणे सगळं पाण्यात. मी विंचूरची, कांद्याच्या व्यापाऱ्याची मुलगी. आमच्याकडे गप्पासुद्धा लिलावाच्या आवाजात मारतात. लग्नानंतरच्या पहिल्याच आठवड्यात मी चटणीला मिक्सर लावला. अण्णा स्वयंपाकघराच्या दारात आले आणि शांतपणे म्हणाले, “सूनबाई, आता पुन्हा पहिल्यापासून.” कॉलनी त्यांना लोडिंगकाका म्हणायची ते उगीच नाही.

सातपूरच्या कारखान्यात मशिनी दुरुस्त करण्यात अण्णांचा जन्म गेला. तिथल्या कुठल्याशा साहेबानं परदेशातून आणलेला आणि कंटाळून काढून टाकलेला हा कॉम्प्युटर त्यांनी घरी आणला होता. मशीन म्हणजे नुसता कीबोर्ड. एक वायर टीव्हीला, एक टेपरेकॉर्डरला. पुढे आमच्याकडे नवा कॉम्प्युटर आला, तरी अण्णा त्याच्याकडे न बोलावलेल्या पाहुण्यासारखे बघायचे. जुन्यावर त्यांनी खास आईंसाठी, म्हणजे माझ्या सासूबाईंसाठी, रांगोळीचा प्रोग्रॅम लिहिला होता. फ्लॅटच्या दारात जागा पायपुसण्याएवढी, तिथं आईंची हौस कशी मावणार? मग त्या टीव्हीवर ठिपके मांडायच्या, रंग भरायच्या आणि अण्णा ती रांगोळी कॅसेटवर उतरवून ठेवायचे. दाखवताना मात्र नाव पुकारल्याशिवाय दाखवायचे नाहीत. “आता मोर,” म्हणायचे, जणू मोरच जिन्यातून वर येतोय.

पुढे आईंना काचबिंदू झाला, आणि आमच्या लक्षात येईपर्यंत तो बराच वाढला होता. डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं, गेलेली नजर परत येणार नाही आणि उरलेली किती टिकेल याचा भरवसा नाही. घरी आल्यावर आई रडल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, “अहो, माझ्या सगळ्या रांगोळ्या एकदा ओळीनं बघायच्यात. दिसतंय तोवर.” अण्णांनी कॅसेटी काढल्या तर निम्म्यांना बुरशी धरलेली. एकेक रांगोळी चढायलाच इतका वेळ घ्यायची, आणि अगदी शेवटी चूक दाखवून सगळं पुसून टाकायची. तोवर आईंचे डोळे थकून मिटलेले असायचे.

तेव्हा अण्णांनी ठरवलं की या म्हाताऱ्या मशिनीला मेमरी कार्ड जोडायचं. म्हणजे रांगोळ्या एकदा कार्डावर उतरल्या की कॅसेटची कटकटच नको. परदेशात तसल्याच वेड्या लोकांनी ते केलं होतं. सायबर कॅफेतून त्यांच्या जोडणीचे नकाशे छापून आले. माझा नवरा म्हणाला, “अण्णा, नव्या कॉम्प्युटरवर घेऊ ना सगळं.” अण्णा चष्म्यावरून बघत म्हणाले, “तिनं ठिपके या मशिनीत मांडलेत. घर बदलायचं वय आहे का तिचं?” आमच्या कॅमेऱ्यातलं पोस्टाच्या तिकिटाएवढं कार्ड त्यांनी परस्पर काढून घेतलं आणि जेवणाच्या टेबलावर सोल्डरिंगचा धूर सुरू झाला.

पुढचे काही महिने घरात कुणी मोकळा श्वास घेतला नाही. एक टाका चुकला की मशीन कायमची जाणार, आणि तशी दुसरी कुठं मिळणार नव्हती. अण्णांचा हात थरथरायला लागला होता. डाव्या हातानं उजवं मनगट दाबून धरून ते डाग द्यायचे. आणि रोज सकाळी आई स्वतःचा पंजा खिडकीच्या उजेडात धरून बघत बसायच्या, कालच्याइतका दिसतोय का म्हणून. मला ते बघवायचं नाही. एक दिवस पडदा काळा तो काळाच राहिला, तेव्हा मी वैतागून म्हणाले, “अण्णा, त्यांचे डोळे थांबणार आहेत का तुमच्यासाठी?”

“म्हणूनच घाई करत नाहीये,” ते म्हणाले. असा राग आला मला त्या माणसाचा!

अखेर मशीन सुरू झाली. मग एकेक कॅसेट शेवटची म्हणून लावायची आणि उतरेल ती रांगोळी कार्डावर घ्यायची. किती उतरल्या आणि किती गेल्या, हे अण्णांनी आईंना सांगितलं नाही. केराच्या डब्यातले फितींचे गुंते मला मात्र रोज दिसत होते.

डिसेंबरातली दुपार होती. भारनियमनाची वेळ संध्याकाळची, म्हणून अण्णांनी जेवण झाल्याबरोबर आईंना टीव्हीसमोर बसवलं, खांद्यावर शाल घातली. “आता मोर,” म्हणाले आणि पापणी लवायच्या आत मोर पडद्यावर हजर. “मान जरा आखूड झालीये,” आई म्हणाल्या. अण्णा कितीतरी दिवसांनी हसले. मग तुळशीवृंदावन आलं. “आता कमळ,” अण्णा म्हणाले, त्यांनी बटण दाबलं आणि वेळेआधीच वीज गेली.

पडदा काळा झाला. थंडीमुळे पंखा बंदच होता, त्यामुळे खोलीत दुसरं काहीच बदललं नाही. मी तोंड उघडणार तेवढ्यात आई म्हणाल्या, “अगं बाई! काय सुरेख आलंय. गुलाबी रंग अजून तस्साच आहे.”

अण्णा त्यांच्या चेहऱ्याकडे पाहत राहिले. मला वाटलं, आता हा माणूस मोडणार.

“थांबलात का? पुढची लावा ना,” आई म्हणाल्या.

अण्णांनी बंद पडलेल्या मशिनीचं बटण दाबलं. “आता हंस.”

कार्डावर हंस नव्हताच. त्याची फीत टेपमध्ये अडकून तुटली होती. हंसानंतर शंख, शंखानंतर गोपद्म. कधीच न उतरलेल्या एकेक रांगोळीचं नाव अण्णा पुकारत गेले आणि आई प्रत्येकीला दाद देत गेल्या. मी दाराला धरून उभी होते. रडू आवरत नव्हतं, आणि हुंदका काढायचीही सोय नव्हती.

“झाल्या सगळ्या?” शेवटी आईंनी विचारलं.

“झाल्या,” अण्णा म्हणाले. “एकही राहिली नाही.”