आठ सेकंदांचं हसू

मागच्या रविवारी नागऱ्याच्या पुढच्या एका गावात, शाळेच्या हॉलमध्ये कार्यक्रम होता. गावातले एक जवान शांतिसेनेसोबत श्रीलंकेत गेले होते आणि तिथल्या लढाईत कामी आले. इतक्या वर्षांनी गावातल्या माजी सैनिकांनी त्यांच्या नावाचा दगड बसवला. बॅनर आणि स्क्रीनचं काम माझ्याकडे होतं.

कुडव्यात माझं फोटो-फ्लेक्सचं छोटं दुकान आहे, ओळखीच्यांना माहीतच आहे. वाढदिवसाच्या बॅनरवर भाऊ-दादांना गोरं करण्यात माझी हयात गेली... त्यामुळे असं काम आलं की जरा छाती फुगते.

फोटो आणायला त्यांच्या पत्नीकडे, तुरसाकाकूंकडे, मीच गेलो होतो. घरात त्यांचा एकच फोटो. वर्दीतला, गालावर ओलीचा डाग, ओठ घट्ट मिटलेले. पदराने काच पुसत काकू एवढंच बोलल्या, "डाग तेवढा काढ, बाबू. बाकी काही करू नको."

मी कसला ऐकतो! मोबाइलमध्ये नवीन ॲप घेतलं होतं, साधा फोटो टाकला की माणूस हलायला लागतो. काकूंच्या लग्नाला दीड वर्ष झालं आणि ते गेले. अग्नीसुद्धा तिकडेच दिला, घरी आली ती फक्त त्यांची पेटी. म्हटलं, इतक्या वर्षांनी काकूंना नवरा हसताना दिसेल... हौसेला मोल नसतं म्हणतात. करायला गेलो गणपती आणि झाला मारुती.

रविवारी त्यांचं नाव पुकारलं आणि सगळे दोन मिनिटं उभे राहिले. मौन संपता संपता मी क्लिप सुरू केली. अवघी आठ सेकंदांची. स्क्रीनवर त्यांनी पापणी मिटली, उघडली. मान किंचित वळवली, आणि पहिल्या रांगेत उभ्या असलेल्या काकूंकडे बघून ते हसले. पांढरेशुभ्र, एका रेषेतले दात.

अंगावर सर्रकन काटा आला... माझ्यासुद्धा, आणि ते सगळं मीच बनवलेलं होतं.

मागून कोणीतरी टाळ्या सुरू केल्या आणि मध्येच थांबला. कारण क्लिप संपून पुन्हा पहिल्यापासून लागली होती. पापणी, मान, हसू. पापणी, मान, हसू. बंद करायला गेलो तर लॅपटॉप हँग. लोक मोबाइल वर धरून शूट करत होते, आणि हॉलमध्ये पंख्यांशिवाय कशाचा आवाज नव्हता. ते किती वेळा हसले कोण जाणे... शेवटी मी वायरच उपटली.

काकू रडतील असं वाटलं होतं. त्या रडल्या नाहीत. कार्यक्रम आटोपल्यावर मला बाजूला बोलावलं आणि हळूच विचारलं, "तो कोन होता रे?"

मी गडबडलो. म्हटलं, काकू, काकाच ते.

"नाही. ह्यायचा समोरचा एक दात दुसऱ्यावर चढला होता. हासताना लाज वाटे, तं तोंडावर हात धरत. फोटो काढतानाबी तोंड मिटूनच बसले." मग म्हणाल्या, "ते हासणं पाहिलेलं आता मीच एकटी उरली, बाबू. तू त्यायले असा काऊन हासवला?"

मी मान खाली घालून निघालो. वाटलं, चार दिवसांत विसरतील.

बुधवारी काकू पुतण्याच्या गाडीवर मागे बसून थेट दुकानात. चेहरा पार उतरलेला, डोळ्यांत झोप नाही. "डोळे मिटले तं तोच दिसते, सरळ दातावाला. हे येऊनच नाही राहिले. तुझ्या मशीनीत तो दात बसवून दे."

दोन तास आम्ही शेजारी शेजारी बसलो होतो. काकू सांगतील तसं मी ॲपमध्ये लिहायचो, ॲप नवा चेहरा द्यायचं. बघता बघता स्क्रीनवर सोळा चेहरे झाले. सोळा काका, सगळे एकदम पापणी मिटणारे, एकदम हसणारे. कुणाकडेही बघा, माणूस तोच वाटायचा, आणि एकही तो नव्हता. भर दुपारी मला दुकानाचा दिवा लावावासा वाटला.

काकू चष्मा सावरत बोटाने दाखवत होत्या. "थोडा वर... नाही, इतका नाही... असा पुढं आलेला." मग मी साधाच प्रश्न विचारला. काकू, डावा दात की उजवा?

त्यांनी हात तोंडाशी नेला. बोट डावीकडे ठेवलं. मग उजवीकडे. पुन्हा डावीकडे... आणि हात तिथेच राहिला. स्क्रीनवर सोळा जण हसत होते.

"रविवारपर्यंत ठाऊक होतं, बाबू," त्या म्हणाल्या.

मी स्क्रीन बंद केली. पुतण्याला हाक मारली. काकूंना गाडीवर बसवलं, त्या अगदी शांत होत्या. तेच जास्त लागलं.

हे सगळं लिहायचं कारण एवढंच... माझ्याकडची क्लिप मी त्याच दिवशी डिलीट केली, पण गावच्या ग्रुपवर, लोकांच्या स्टेटसला ती फिरतेच आहे. काल एकाने गाणं जोडून मलाच पाठवली. श्रद्धेने ठेवली असेल, मान्य. तरी हात जोडून सांगतो, काढून टाका, पुढे पाठवू नका. काकूंच्या घरात तर ती कुणाच्याच फोनवर वाजू नये.

काका देशासाठी गेले, त्यांचं नाव आता दगडावर आहे, ते कुठे जात नाही. हसू तेवढं एका बाईजवळ होतं आणि तिथे मी नको ते घुसवलं. चुकलो, काकू. तो दुसरा समोरून हटला, तर काका कदाचित येतील पुन्हा... तोंडावर हात धरून.