सव्वा मूठ गहू

मुलगा गेल्यावर माझं बीपी चढलं ते उतरेना. जळगावच्या डॉक्टरांनी गोळ्या बदलून पाहिल्या आणि शेवटी म्हणाले, "थोडं श्वासावर लक्ष ठेवून बसायला शिका. आत्ताच्या क्षणात राहा." माझ्या डोक्यात तिडीकच गेली. तरी आमच्या मागच्या गल्लीतल्या विहारात एक निवृत्त नर्सबाई सकाळी हे शिकवतात, तिथे नवऱ्याने मला नेऊन बसवलं.

बाई चांगल्या. "मन पळालं तर त्याच्यावर चिडू नका, हात धरून परत आणा," म्हणायच्या. पण माझं मन पळायचं ते एकाच वाटेने, धुळ्याच्या रस्त्याने. नरडाण्याच्या कारखान्यातली पाळी संपवून मुलगा याच रस्त्याने आमच्याकडे सुट्टीला येत होता. मोटारसायकलवर होता. पोहोचला नाही.

एका सकाळी मी भडकलेच. म्हटलं, "बाई, तुमच्या या आत्तामध्ये माझा मुलगा नाही. तो मागे आहे. मला कशाला इथे आणून बसवता?"

बाई "मला माहीत नाही ताई," एवढंच म्हणाल्या. "उद्या या." त्या एका वाक्यासाठी मी जात राहिले. झोप थोडी लागायला लागली. मन मात्र होतं तिथेच होतं.

मग श्रावणात कानबाई आली, आमच्या खानदेशातला देवीचा सण. आदल्या वर्षी सुतकामुळे आमच्या भाऊबंदांत सण झाला नव्हता. आमची कानबाई नरडाण्याजवळच्या गावी, मोठ्या दिरांकडे बसते. मुलगा नोकरीला लागल्यापासून त्यांच्याच घरी राहायचा, माझ्या मोठ्या जावेच्या हातचं जेवायचा. तिला सगळे अक्का म्हणतात. मला जायचं जिवावर आलं होतं. कारण कानबाईच्या रोटाचा, म्हणजे नैवेद्याच्या जाड पोळ्यांचा, गहू घरातल्या एकेका पुरुषाचं नाव घेऊन मोजतात. प्रत्येकाच्या नावाने सव्वा मूठ. यंदा एक नाव वगळून मोजणार, आणि मी ते बघत बसणार.

सणाच्या आदल्या दिवशी दुपारी अक्का सूप घेऊन बसली. मी समोर. शिकवल्याप्रमाणे श्वास धरून ठेवला होता, म्हणजे त्याच्याकडे लक्ष. आत येतोय, बाहेर जातोय. अक्काने मोठ्या दिरांचं नाव घेतलं, मूठ सोडली. माझ्या नवऱ्याचं घेतलं. तिच्या मुलाचं घेतलं. आणि त्याच सुरात, न थांबता, माझ्या मुलाचं नाव घेतलं.

गहू सुपात पडला. वरची पाव मूठही पडली.

मला कुणीतरी जिन्याखालून हाक मारावी तसं झालं. किती दिवसांनी ते नाव रडक्या आवाजाशिवाय ऐकत होते मी. तो आत कॉटवर लोळतोय आणि आता उठून तिला "काकू, चहा" म्हणणार, असं त्या आवाजात होतं.

अक्काचा हात तसाच सुपावर राहिला.

"त्यानं नाव तोंडमा उनं वं माय," ती म्हणाली. "मी काय करू."

"राहू द्या, अक्का."

"राहूच देनं पडी. पडेल मूठ परत काढतस नही." तिने पदराने तोंड पुसलं. "त्याना वाटाना रोट तू खा."

रोट दुसऱ्या दिवशी झाले. ते भाऊबंदांबाहेर कुणाला देत नाहीत आणि उरवतही नाहीत. सगळे जेवून उठले. नवरा बाहेर ओट्यावर जाऊन बसला, त्याने माझ्या ताटाकडे बघायचं टाळलं. अक्काने तव्यावरचा रोट माझ्या ताटात टाकला. कडेला जरा करपलेला. मुलाला तसाच लागायचा, ती विसरली नव्हती.

मी पहिला घास घेतला. गरम होता. करपल्याची किंचित कडवट चव, मागून गव्हाचा गोडवा. दुसरा घेतला. आणि माझ्या लक्षात आलं की मन रस्त्यावर गेलेलं नाही. ते ताटातच आहे. विहारात इतके महिने जे जमलं नव्हतं ते इथे, चुलीच्या धुरात, आपोआप जमलं होतं. आणि मला ते नको होतं. कारण आता मला स्वच्छ दिसत होतं: हा त्याचा या घरातला शेवटचा वाटा आहे. पुढच्या वर्षी अक्का चुकणार नाही.

मी घास लहान करत गेले. आयुष्यात इतकं सावकाश कधी जेवले नव्हते. नर्सबाईंनी पाहिलं असतं तर त्यांना वाटलं असतं, हिला जमलं.

ताटात एक तुकडा राहिला.

"व्हयनं का जेवन?" अक्काने विचारलं.

मी मान डोलावली आणि तो तोंडात ठेवला. गिळला मात्र नाही, कितीतरी वेळ.