तळ्याकाठच्या गळकऱ्यांची मोजणी

शारजाबाहेरच्या एका नव्या वसाहतीत समुद्राचं पाणी आत घेऊन मोठं तळं केलेलं होतं. संध्याकाळी तिथे गळ टाकून माणसं बसायची. ही माणसं तळं रिकामं करतायत, असं वसाहतीच्या मॅनेजरचं म्हणणं होतं. काठ बंद करण्याआधी त्याला आमच्या, असे सर्व्हे करणाऱ्या ऑफिसकडून एक अंदाज हवा होता. माणसं किती येतात, मासे किती नेतात.

सर्व्हे आमच्या सीनियर बाईंकडे होता. त्या रत्नागिरीच्या, मासेमारीच्या अभ्यासात मुरलेल्या. सगळे त्यांना आपा म्हणत, मीही. मी पुण्याची, मासा मला ताटात आल्यावरच कळायचा.

मी म्हटलं, "शनिवार-रविवार जाऊ, गर्दी असते."

"मग आकडाही गर्दीचाच येईल," आपा म्हणाल्या. "रिकाम्या दुपारीही जायला हवं."

आणि आम्ही गेलो, भर उन्हातसुद्धा. काठाने चालत आधी माणसं मोजायची, मग एकेकाजवळ थांबून विचारायचं, कधीपासून बसलायत, काय मिळालं, काय परत सोडलं. आम्हाला पाहिलं की लोक आईसबॉक्सचं झाकण लावून घेत. दंड होईल, ही भीती. आपा सरळ जमिनीवर बसत, आधी गळाला काय लावलंय ते विचारत. थोड्या वेळाने झाकण आपोआप उघडे.

एका संध्याकाळी रायगडचा एक माणूस भेटला. म्हणाला, चार मोठे शेरी मासे मिळाले, मित्र घरी घेऊन गेला. पण त्याचा गळ कोराच होता, बादली कोरडी. मी लिहू लागले तसा आपांनी माझा हात धरला.

"भाऊ, काही मिळालं नसेल तर तसं सांगा. तुमचं शून्य मला लागतं. ते नसेल तर माझा हिशोब खोटा पडेल."

त्याने रिकामी बादली बाजूला सरकवली. मग म्हणाला, "नोकरी गेलीय, आपा. घरात बसवत नाही, म्हणून येतो. मासा लागला तरी सोडतो, रूमवर शिजवणार कोण?"

आपांनी मला फक्त शून्य लिहायला सांगितलं. पण निघताना त्याचा नंबर घेतला, आणि पुढे ओळखीच्या एका कोल्ड स्टोरेजमध्ये त्याच्यासाठी शब्द टाकला. तिथे तो लागला.

मीटिंगमध्ये मॅनेजर म्हणाला, "हे झीरोवाले काढून टाका. माणशी आकडा नीट दिसेल."

"नीट नाही, मोठा दिसेल," आपा शांतपणे म्हणाल्या. "माणसं पुष्कळ येतात, मासे थोडे जातात. बहुतेक जण गार वाऱ्यासाठी बसतात. हे वगळून मी सही करणार नाही."

पुढचं काम हातचं जाईल, अशी मला धास्ती होती. त्यांचा आवाज मात्र तसूभर चढला नाही.

शेवटी अर्धा काठ बंद झाला, अर्धा खुला राहिला. मी हळहळले. आपा म्हणाल्या, "अगं, अर्धा राहिला ना? यल्ला, चल, भूक लागलीय."