बांध ओळखणारं यंत्र

मंगळवार, ४ नोव्हेंबर २०२५. पहाटे धुकं, उन्हं वर आल्यावर ढग. गॅसची टाकी आजही आली नाही. भामाबाईंच्या भाताची इर्जिक आहे. सुलक्षणा कापणीचं यंत्र घेऊन पुढे गेली. माझ्याकडे पिण्याचं पाणी आणि पोती सांभाळण्याचं काम.

सकाळचा चहा घेता घेता संजीवनीबाईंनी एवढं लिहिलं, चप्पल घातली आणि पाण्याचा कॅन उचलून त्या शेताकडे निघाल्या. पुण्याच्या कॉन्व्हेंटमध्ये शिकून त्या राजगडाच्या पायथ्याच्या पालीजवळच्या या वाडीत सून म्हणून आल्या, तेव्हा इर्जिक हा शब्द त्यांनी पहिल्यांदा ऐकला होता. एकाच्या शेतात सगळ्यांनी राबायचं, मजुरी कुणी मागायची नाही, ज्याचं शेत त्यानं पोटभर जेवू घालायचं आणि पुढच्या खेपेला आपण होऊन दुसऱ्याच्या शेतात उभं राहायचं. पतीच्या माघारी त्यांचं शेतही अशाच हातांनी पिकत आलं होतं.

हात मात्र कमी होत चालले होते. तरुण पोरं पुण्याला नाहीतर शिरवळच्या कारखान्यांत गेली. इर्जिकीला जमायची ती पाठीत वाकलेली माणसं. म्हणून तर शेजारच्या सुलक्षणानं यंत्र घेतलं. नवरा हनुमंत नसरापूरला टेम्पो चालवायचा आणि रविवारी घरी यायचा, तेव्हा यंत्र शिकली ती एकटीच. पहिल्या दिवशी ते तिला घेऊन ओढ्यात उतरलं. चिखलानं माखून वर आली ती हसत, "यानं आंघूळ केली, आता कामाला लागंल!" दोन हंगाम लागलं. वाडीतल्या प्रत्येकाच्या खाचरात लागलं.

त्या दिवशीही भामाबाईंच्या पहिल्या खाचरात त्यानं भात सरसर आडवं केलं. मग दुसऱ्या खाचराच्या मधोमध ते थांबलं. खडखड नाही, धूर नाही. हँडलवरच्या तळहाताएवढ्या स्क्रीनवर लाल अक्षरं उमटली.

"काकी, जरा इंग्लिश वाचा की," सुलक्षणानं हाक मारली.

संजीवनीबाईंनी चष्मा पुसून वाचलं. "यंत्र ठरवलेल्या हद्दीबाहेर आहे. काम चालू ठेवायचं असेल तर मालकाशी बोला, असं म्हणतंय."

"मालक म्हंजे मीच की! बोल बाबा, काय बोलायचंय?" तिनं यंत्राला हात जोडले तसे सगळे हसले.

हसू फार टिकलं नाही. राजगडाच्या अंगानं आभाळ काळं होत होतं आणि वर्षाचं भात उभं होतं. भामाबाईंच्या घरात दुसरं कमावणारं कुणी नव्हतं.

रेंज फक्त टेकाडावरच्या आंब्याखाली यायची. सुलक्षणा आणि संजीवनीबाई तिथं चढल्या. कंपनीचा मुलगा फोनवर मोठ्या अदबीनं बोलत होता.

"मॅडम, दिवाळीआधी यंत्राच्या प्रणालीत नवी सुधारणा आली. तेव्हा तुम्ही तुमच्या शेताची हद्द चालून दाखवली होती. यंत्र त्या हद्दीतच चालेल. बाहेर एकदाच अर्ध्या तासाची सूट असते, ती आत्ता संपली."

सुलक्षणाला आठवलं. होकार दिल्याशिवाय यंत्र सुरूच होत नव्हतं. मग मोबाईल हातात धरून ती आपल्या बांधावरून फिरून आली होती, तलाठ्यासमोर फिरावं इतक्या इमानानं.

"आत्ता भाड्यानं दिलंय का?" मुलानं विचारलं.

"न्हाई."

"मग चोरीला गेलंय?"

"आवो, चोरीला कसं जाईल? म्या सोता आणलंय हितं!"

"माझ्यासमोर दोनच पर्याय आहेत, मॅडम. भाडं किंवा चोरी."

"तिसरा लिवा. इर्जिक."

"ती कुठली संस्था आहे?"

संजीवनीबाईंना हसू आवरेना. सुलक्षणाला मात्र नाही आलं. "यंत्र म्या इकत घेतलंय न्हवं?"

"हो मॅडम, यंत्र तुमचंच आहे. आतली प्रणाली कंपनीची."

"म्हंजे म्हस माजी, आन तिनं कुनाच्या वावरात चरायचं ते तुमी ठरवनार, व्हय?"

मुलगा हळू आवाजात म्हणाला, "मॅडम, तुम्ही 'भाडं' दाबा. लगेच सुरू होईल. पुढचं कुणी विचारत नाही."

खाली आल्यावर सुलक्षणानं ते सगळ्यांना सांगितलं. म्हातारे कोंडिबा म्हणाले, "दाब की पोरी. पाऊस इचारून येतो का?" स्क्रीनवर भाड्याचा चौकोन चमकत होता. तिचा अंगठा त्याच्यावर गेला आणि न टेकता अधांतरीच राहिला.

"आत्या, भात तुमचं हाय," ती भामाबाईंना म्हणाली. "तुमी सांगाल ते करते."

भामाबाई चुलीपासून उठून आल्या होत्या, हाताला वालाच्या आमटीचा मसाला लागलेला. "भाडं म्हंजे म्या तुला पैसं देनार?"

"न्हाई वो. नुसतं म्हनायचं."

"आन कोंडिबाच्या शेतात?"

"तितंबी म्हनायचं. दर येळी."

भामाबाईंनी आभाळाकडं पाहिलं, भाताकडं पाहिलं. संजीवनीबाईंना वाटलं, आता ही हो म्हणेल, आणि म्हटलं तर तिला कोण बोल लावणार?

"माज्या सासूनं या खाचरात कुनाला मजूर म्हनलं न्हाई," भामाबाई म्हणाल्या. "म्या तुला भाड्याची म्हनू? काडा ते मदनं. इळे आना."

यंत्र ढकलत बांधाकडं नेलं. पलीकडं सुलक्षणाचं शेत. पुढची चाकं बांध ओलांडून गेली आणि लाल अक्षरं विझली. हिरवा दिवा लागला. कोंडिबांनी ते मागं ओढायला लावलं. लाल. पुढं ढकललं. हिरवा.

कोंडिबांनी डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली. संजीवनीबाई त्या दिव्याकडं बघत राहिल्या. ज्या बांधावरून भावाभावांत मोजणीवाले बोलवावे लागले होते, तो बांध न पाहिलेल्या कुठल्या शहरात बसून कुणी वीतभराच्या फरकानं ओळखत होतं. माणसाच्या बुद्धीपुढे हात जोडावेत असंच ते होतं. आणि एवढ्या बुद्धीला बांधापलीकडची भामाबाई दिसत नव्हती. संजीवनीबाईंच्या मिस्टरांनी शिवणयंत्र आणलं होतं, त्यावर वाडीतल्या सगळ्या बायकांच्या पोरांची झबली शिवून झाली. दुकानदार कधी विचारायला आला नाही. विकलेल्या वस्तूवर विकणाऱ्यानं हात ठेवूनच राहायचं, तर विकत घेतलं म्हणजे नेमकं काय घेतलं?

विचार करायला सवड नव्हती. खालच्या वाडीला निरोप गेला. ज्यांची पाळी नव्हती तीही माणसं विळे घेऊन आली. सुलक्षणा सगळ्यांच्या पुढं लागली. कुणीतरी भलरीचा सूर धरला आणि थकलेल्या पाठी एका ठेक्यात वाकू लागल्या. संजीवनीबाईंनी पाण्याचा कॅन बाजूला ठेवला आणि पेंढ्या बांधायला बसल्या. आपली बोटं हे अजून विसरली नाहीत याचं त्यांनाच नवल वाटलं.

दुपार कलताना पाऊस आलाच. शेवटचं खाचर उभंच होतं, ते डोळ्यांदेखत आडवं झालं. सुलक्षणा तोंड फिरवून उभी राहिली.

"माज्यापायी गेलं, आत्या. अंगठा टेकवला असता तर—"

"गप. तुज्यापायी न्हाई," भामाबाईंनी तिच्या डोक्यावर पोतं टाकलं. "बाकीचं घरात आलं न्हवं? चल, आमटी निवतीय. आन त्या यंत्राला बी झाक, भिजंल ते."

ती हद्द पुसून द्या, नाहीतर यंत्र घेऊन जा, असं कंपनीला कळवायचं सुलक्षणानं जेवता जेवताच ठरवलं. मजकूर इंग्रजीत काकींनी करायचा होता. "पन राग माजाच असू द्या त्यात," ती म्हणाली, आणि दिवसभरात पहिल्यांदा सगळ्यांबरोबर हसली.

संध्याकाळी दिवे आल्यावर संजीवनीबाईंनी वही काढली आणि लिहिलं: भामाबाईंचं ओलं भात आपल्या ओसरीत पसरलं आहे, पंखा लावून ठेवला. दूधवाल्याला उद्या मागच्या दारानं यायला सांगितलं.