ओढ्यात राहिलेली टोपली

कॉलेजातून आले तर तळमजल्यावर वसंतकाकांच्या दाराशी चपलांचा ढीग होता. कुणी काही सांगायच्या आधीच कळलं, काका गेले... मी माझ्या चपला जरा बाजूला काढल्या. त्याला आता तीन आठवडे झाले.

काका मूळचे मालवणकडचे. गिरणी बंद पडल्यावर आमच्या बोरिवलीच्या इमारतीत कुणाची वेताची खुर्ची, कुणाची मोडकी खाट दुरुस्त करून द्यायचे. मी इंग्रजी शाळेतली, कुणाशी फारसं न बोलणारी. त्यांच्या उंबऱ्यावर बसून नुसती बघत राहायचे. नववीत शाळेचं एका दिवसाचं शिबिर निघालं. रानात अडकलो तर आपलं अन्न आपण कसं मिळवायचं, ते शिकण्यासाठी. काकांनी मला मासे धरायची टोपली विणायला शिकवलं. बांबूच्या कामट्या उभ्या, त्यांतून वेल आडवा, आणि तोंडाशी आत वळलेलं नरसाळं. "आत जाऊक वाट रुंद, भायर येवक अरुंद," ते म्हणाले. "मासो कडेकडेन फिरत रवता. मधली वाट तेका गावणा नाय."

घोडबंदरच्या पुढे एका ओढ्यात मी ती दगडांनी दाबून ठेवली, आत शिळ्या भाकरीचा गोळा घालून. संध्याकाळपर्यंत एक मासा नाही. "टोपली झकास आहे गं," मैत्रीण म्हणाली, "पण मासे कॉन्व्हेंटचे दिसतायत. इन्व्हिटेशनशिवाय येत नाहीत!" सगळ्या हसल्या. बस निघाल्यावर आठवलं, टोपली काढायची राहिली. बस थांबवा म्हणायला माझं तोंड उघडलं नाही.

परत आले ती आधी काकांकडे गेले. ते जेवत होते. "काय गो, गावलो?"

"नाही."

"टोपली खंय?"

"तिथेच राहिली... पाण्यात."

त्यांचा घास हातातच राहिला. "अगो, आपण विसरलो तरी ती मासे धरूचा विसरणा नाय."

दुसऱ्या दिवशी पहिल्या बसने आम्ही दोघं निघालो. "खोकलो बघा आपलो!" काकी मागून ओरडत होत्या. टोपलीत पाच मासे होते. चार जिवंत, ते काकांनी सोडून दिले. पाचवा मेला होता. मला मात्र ती टोपली शाळेत न्यायची होती, मैत्रिणींना दाखवायला. काका म्हणाले, "ने. तुझीच हा." मग मेलेला मासा पानात गुंडाळत म्हणाले, "ह्यो पण आपलोच. मारलो तर फुकट घालवचो नाय." दुपारी काकींनी तो तळला आणि काकांनी अर्धा माझ्या ताटात वाढला. काट्यांशिवाय मी काही ठेवलं नाही. टोपली शाळेत नेली नाही. माझ्या घरी काका एका शब्दाने बोलले नाहीत.

परवा काकींना भेटायला गेले. दोन मिनिटांत "येते" म्हणून उठले, जिन्याच्या तिसऱ्या पायरीपर्यंत आले. मागे दार उघडंच होतं. काकी एकट्या लसूण सोलत बसल्या होत्या... मी परत खाली उतरले, त्यांच्यासमोर जमिनीवर बसले. त्यांनी लसूण ठेवलेलं सुपलं माझ्याकडे थोडं सरकवलं.